वळणापलीकडचा टेम्पो

१

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शेवटचं पोर आत चढलं की व्हॅनताई मागे वळून डोकी मोजायची. अकरा. मग सरकतं दार ओढायचं. ते पहिल्या ओढीला कधीच लागत नसे, दुसऱ्यांदा शिवी हासडल्यासारखं ओढलं की मुकाट लागे. मग निघायचं. नऊ वर्षं हेच चाललं होतं. तिचं खरं नाव शाळेच्या रजिस्टरात असेल कुठेतरी. रस्त्यावर सगळे तिला व्हॅनताईच म्हणत, चिडली की सासूसुद्धा.

वस्तीपासून शाळेपर्यंतचा सहा किलोमीटर रस्ता तिला तोंडपाठ होता. रस्ता कसला, खड्डेच. मुलांनी त्यांना नावं दिली होती आणि मोठ्यांनी नावं ठेवली होती. पण खड्ड्यांचं एक वेळ चालून जायचं. गाडीचे पाटे मोडतात, माणूस मोडत नाही. खरं दुखणं होतं ते गोदामाच्या वळणाचं. एका अंगाला बंद पडलेल्या गोदामाची उंच दगडी भिंत, दुसऱ्या अंगाला कापलेली टेकडी आणि मधे जेमतेम एक गाडी जाईल एवढी फट. पलीकडून काय येतंय ते अंगावर येईपर्यंत कळायचं नाही. हॉर्न मारायचा, कान द्यायचा आणि जीव मुठीत धरून घुसायचं. दोन वर्षांत तिथे तीन अपघात झाले. तिसऱ्यात पोस्टमनचा पाय गेला.

त्या वळणासाठी व्हॅनताईने नगरपरिषदेला एकवीस अर्ज केले होते. ते सगळे एकाच टेबलावर जाऊन पडत, रस्ते विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याच्या. त्यांना सगळा भाग बघतोसाहेब म्हणून ओळखत असे, कारण काहीही सांगा, उत्तर ठरलेलं.

"बघतो म्हणजे कधी, साहेब?"

"बघतो म्हणजे बघतो. ऐंशी किलोमीटर रस्ते आणि मी एकटा. डांबर काय खिशात घालून फिरतो मी?"

माणूस वाईट नव्हता. भांडायचा, पण खुर्चीतून उठून दारापर्यंत भांडत यायचा आणि वर म्हणायचा, "सांभाळून चालवा. पोरं असतात गाडीत." भिंत पाडायची मंजुरी त्याने चार वेळा मागितली होती म्हणे. ती चारही वेळा वरून परत आली.

पाचव्या खेपेला भिंतीची मंजुरी काही आली नाही. आरसा मात्र आला.

२

आरसा चांगला होता, त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. नारिंगी काठाचा, फुगीर, गोल, ऐन वळणावर लोखंडी खांबावर बसवलेला. खाली थांबून वर पाहिलं की वळणापलीकडचा सगळा रस्ता पुलापर्यंत दिसायचा, जरा वाकडा, पोट सुटल्यासारखा, पण दिसायचा.

पहिल्याच सोमवारी व्हॅनताईला आरशात एक टेम्पो दिसला. राखाडी, बंद पाठीचा. वळणापासून बराच मागे, विजेच्या तिसऱ्या खांबापाशी उभा होता. डावा दिवा लुकलुकत होता.

थांबलाय बिचारा आपल्यासाठी, असं वाटून तिने पुढचे दिवे दोनदा मारले. म्हणजे, या तुम्ही. टेम्पो हलला नाही. तिने हॉर्न दिला. टेम्पो जागचा हलेना. पाच मिनिटं गेली. मागे मुलांची ढकलाढकली सुरू झाली.

"ताई, त्यांना येऊ द्या ना आधी," पुढच्या सीटवरची दुसरीतली मुलगी म्हणाली. "ते कधीचे थांबलेत."

"मी कुठे अडवलंय त्यांना? येत का नाहीत मग?"

शेवटी वैतागून तिने हॉर्नवर हात दाबून ठेवला आणि गाडी घातली. वळण पार केलं. पलीकडे काही नव्हतं. तिसऱ्या खांबापाशी एक बकरी चरत होती. पुलापर्यंत रस्ता मोकळा होता आणि बाजूला वळून जायला वाट नव्हती.

मागे गेला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. एवढा मोठा टेम्पो, उलटा, पुलापर्यंत, अर्ध्या मिनिटात? गेला असेल. काही काही ड्रायव्हर असतात पट्टीचे.

मंगळवारी टेम्पो तिथेच होता. बुधवारीही. शुक्रवारी तिने घरून लांब काठी आणि ओलं फडकं आणलं आणि परतीच्या वेळी आरसा पुसून काढला. डाग असेल, काचेत फुगा असेल, पलीकडच्या शेतातल्या पत्र्याचं काहीतरी विचित्र प्रतिबिंब पडत असेल. पुसलेल्या आरशात टेम्पो आणखी स्वच्छ दिसायला लागला. पुढच्या काचेवर वायपरने काढलेला अर्धगोल होता, आणि काचेमागे कुणीतरी बसलेलं होतं.

३

हे एकट्या व्हॅनताईला दिसलं असतं तर तिने डोळे तपासून घेतले असते. पण दिसत सगळ्यांना होतं. पंधरा दिवसांत वळणाच्या अलीकडे सकाळ-संध्याकाळ रांग लागायला लागली. दूधवाला, शिक्षक, विटांचा ट्रॅक्टर. जो पहिला तो टेम्पोसाठी थांबे आणि त्याच्यामागे बाकीचे. मग दूधवाला गाडीवरून उतरून ओरडे, "अहो, तो येत नसतो! तो आरशातलाच आहे!" तरी कुणी धजत नसे. समजा आज खरोखरच टेम्पो असला तर?

व्हॅनताई परिषदेत गेली. खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. तक्रारीचा प्रकार: खड्डे, गटार, दिवे, अतिक्रमण, इतर. तिने 'इतर'वर खूण केली.

"टेम्पो उभा असतो, तर ती बाब पोलिसांची झाली," कारकून म्हणाला.

"टेम्पो उभा नसतो. तीच तर तक्रार आहे."

"नसलेल्या वाहनाची तक्रार कशी घेणार?"

"आरशात असतो."

"मग आरशात अतिक्रमण लिहू का?"

तिने फॉर्म ओढून घेतला आणि थेट बघतोसाहेबांच्या टेबलावर आपटला. साहेबांनी वाचला, चष्मा काढला, डोळे चोळले.

"ताई, गेल्या महिन्यात त्या वळणावर अपघात किती?"

"एकही नाही."

"का नाही?"

"कारण सगळे गाढवासारखे थांबून राहतात!"

"थांबतात ना? मग आरसा काम करतोय." त्यांनी चष्मा चढवला. "सात वर्षं डोकं खाल्लंत माझं, आरसा बसवला, आता आरसा काढा म्हणता. मी वर काय लिहून पाठवू? आरसा फार चांगला दाखवतो?"

"साहेब, एकदा येऊन बघा."

"बघतो."

४

मग टेम्पो पुढे सरकला.

कोणत्या दिवशी ते कुणालाच सांगता येईना. तिसऱ्या खांबापाशी होता तो दुसऱ्या खांबापाशी दिसायला लागला, एवढंच. सरकताना कुणी पाहिलं नाही. व्हॅनताईला मात्र आता आणखी एक गोष्ट जाणवली. वळणाअलीकडे गाडी बंद करून थांबलं की एक बारीक आवाज यायचा. टक, टक, टक. इंडिकेटर चालू राहिला की येतो तसा. तिने आपल्या गाडीचा दांडा वरखाली करून पाहिला. बंदच होता. आवाज दिव्याच्या लुकलुकण्याबरोबर जुळत होता, पण आरशातून कधी आवाज येतो का? भिंतीत कुठेतरी पाणी ठिबकत असेल, असं ती म्हणायची. मग भिंतीला हात लावून पाहायची. भिंत कोरडी ठणठणीत.

"ताई, ते काका हात करतात," दुसरीतली मुलगी एका सकाळी म्हणाली.

"कुणाला?"

"आपल्याला. या म्हणतात."

व्हॅनताईने वर पाहिलं नाही. तिने गाडी तिथल्या तिथे उलटी घेतली, पाच वेळा पुढे-मागे करून, टेकडीला मागचा बंपर घासून, आणि धरणाच्या बाजूच्या लांबच्या रस्त्याने मुलांना शाळेत पोचवलं. चौदा किलोमीटर. पहिली घंटा कधीच होऊन गेली होती.

त्या दिवसापासून ती लांबच्या रस्त्यानेच जाऊ लागली. पालक वैतागले. पोरांना पहाटे उठवावं लागत होतं. एक आई फाटकात उभी राहून म्हणाली, "आरशाला काय भ्यायचं, ताई? आम्हाला वाटलं होतं, तुम्ही तरी शहाण्या आहात." व्हॅनताईला तिचं पटत होतं, हीच तर पंचाईत होती. रोज रात्री ती शहाणपणाने ठरवायची की उद्या वळणावरून जायचं, आणि रोज सकाळी अकरा डोकी मोजून झाली की तिचे हात आपोआप स्टिअरिंग दुसरीकडे वळवायचे.

रोजची मुलं सोडून झाल्यावर मात्र ती एकटी वळणापर्यंत जाऊन यायची. बघायला. टेम्पो पहिल्या खांबाला आला. मग त्याच्याही अलीकडे. आता आत बसलेले दोघे दिसायचे, दोन टोकांना दोघे. मधली जागा मोकळी होती.

ती परिषदेत अर्ज टाकत राहिली. चार, पाच, सहा. सातव्या अर्जावर तिने फक्त एवढंच लिहिलं: 'साहेब, जवळ आला.'

५

बघतोसाहेब बुधवारी सकाळी अकरा वाजता आले. लख्ख ऊन पडलं होतं. निळा चौकटीचा शर्ट, खांद्याला काळी बॅग, खाली मोटरसायकल. आल्या आल्या कुरकुर सुरू.

"ताई, या एका आरशापायी माझी तीन कामं खोळंबलीत. कुठाय तुमचा टेम्पो?"

व्हॅनताईने बोट दाखवलं. साहेबांनी वर पाहिलं. टेम्पो वळणाला नाक लावून उभा होता. दिवा लुकलुकत होता. बराच वेळ साहेब बघत राहिले. त्यांचा हात बॅगेच्या पट्ट्यावर घट्ट झालेला तिला दिसला.

"प्रकाशाचा खेळ आहे," ते म्हणाले. "फुगीर काच असली की होतं असं. आता एकदा सोक्षमोक्ष लावून टाकू. तुम्ही इथे थांबा, आरशाकडे बघत राहा. मी पलीकडे जाऊन उभा राहतो. फोन चालू ठेवा."

"नको, साहेब. दोघं इथूनच बघू."

"आता नको? दोन महिने 'येऊन बघा, येऊन बघा' कोण करत होतं?" ते तरातरा चालायला लागले. भिंतीच्या आड गेले, बुटांचा आवाजही गेला.

मग ते आरशात दिसले. छोटेसे, वाकडेसे, फोन कानाला. टेम्पोचं नाक त्यांच्या पाठीपासून वीतभर अंतरावर होतं. ते मान वळवून इकडेतिकडे बघत होते.

"काही नाही, ताई. चिटपाखरू नाही."

"साहेब, दोन पावलं पुढे या."

"कशाला?"

"या म्हणते ना! तुमच्या मागे आहे तो."

त्यांनी मागे वळून हात फिरवला. आरशात त्यांचा हात टेम्पोच्या दिव्यावरून फिरला. "हे बघा, मोकळी हवा आहे नुसती."

फोनमधून टक, टक येत होतं. "तो आवाज कसला?" तिने विचारलं.

"कसला आवाज? तुम्हाला सांगतो ताई, ही भिंत जोपर्यंत—"

टेम्पोचं दार उघडलं. टोकांचे दोघे जागचे हलले नाहीत, तरी कुणीतरी खाली उतरलं. त्याची पाठ आरशाकडे होती. निळा चौकटीचा शर्ट होता, खांद्याला काळी बॅग, हात कानाशी. तो साहेबांच्या शेजारी जाऊन उभा राहिला, एका छत्रीत दोघं उभे राहतात तितका जवळ. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

फोन क्षणभर मुका झाला. मग आवाज आला, साहेबांचाच.

"ठीक आहे. मी आपल्याकडे येतो."

सात वर्षांत बघतोसाहेब तिला कधी 'आपण' म्हणाले नव्हते.

ते भिंतीआडून आले. तोच शर्ट, तीच बॅग, तोच चष्मा. चेहऱ्यावर हसू. "पाहिलंत? काहीही नव्हतं. पण आपली तक्रार रास्त आहे. भिंत काढली पाहिजे."

व्हॅनताई त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिची मान वर होती. आरशात बघतोसाहेब अजून तिथेच उभे होते. फोन झटकत होते, रेंज गेल्यावर माणूस झटकतो तसा. मग त्यांनी वळणाकडे तोंड करून हाक मारली. तोंड उघडलेलं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या तिला दिसल्या. भिंत पंधरा पावलांवर होती. पण ऐकू काहीच आलं नाही.

टेम्पोच्या आतून कुणीतरी दार धरून ठेवलं होतं. साहेबांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि उन्हात दमलेला माणूस कुणी लिफ्ट दिली की चढतो तसे ते चढले. मधल्या जागी बसले. दिवा लुकलुकायचा थांबला. टेम्पो तोंड न वळवताच मागे मागे गेला आणि लहान होत दिसेनासा झाला.

"एक विचारू?" शेजारचा माणूस नम्रपणे म्हणाला. "मी इथे कशावरून आलो?"

तिने मोटरसायकलकडे बोट दाखवलं.

६

तिने कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? फॉर्ममध्ये तसला रकानाच नव्हता.

पुढच्या सात आठवड्यांत भिंत पडली, टेकडी मागे सरली, आणि गोदामाच्या वळणाचा दोन गाड्या आरामात जातील असा रस्ता झाला. काळंभोर डांबर, कडेला पांढरे पट्टे, रात्री चमकणारे खुंटे. आरसा काढून परिषदेच्या कोठारात टाकला. खड्डे बुजले. पुलाला कठडा आला. लोक म्हणाले, साहेब सुधारले. आता ते 'बघतो' म्हणतच नसत. 'करतो' म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी करत.

एकवीस अर्जांचं सार्थक झालं होतं आणि व्हॅनताईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. ज्याच्याशी वाद घालावा असं काही उरलंच नव्हतं. एकदा ती मुद्दाम भांडण उकरायला परिषदेत गेली.

"साहेब, पुलापाशी पट्टे वाकडे मारलेत तुमच्या माणसांनी."

"आपण म्हणता ते खरं आहे. उद्या सरळ करतो."

"आणि काल रोलरने माझा आरसा तोडला असता!"

"आपली क्षमा मागतो."

दुसऱ्या दिवशी पट्टे खरवडून पुन्हा मारले होते. मुळात ते सरळच होते.

७

एका दुपारी ती दारात गाडी धूत असताना एक बाई येऊन उभी राहिली. औषधांच्या दुकानात काम करणारी, अंगावर दुकानाचा पांढरा कोट तसाच. व्हॅनताईने तिला ओळखलं. बघतोसाहेबांची बायको.

"या, वहिनी. बसा."

"बसत नाही. तुम्ही त्या दिवशी होतात ना त्यांच्याबरोबर? वळणावर?"

व्हॅनताईने नळ बंद केला.

"चौदा वर्षं झाली आमच्या लग्नाला," वहिनी म्हणाली. ती दुकानात गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगत असेल तशीच बोलत होती, एक एक करून. "अगं ए, याशिवाय हाक नव्हती. आता मला आपण म्हणतात. आपण जेवलात का, आपल्याला त्रास तर होत नाही ना. सासूबाई खूश आहेत, मुलाला शहाणपण आलं म्हणतात. बूट काढत नाहीत. झोपतातसुद्धा बूट घालून. संध्याकाळी बॅग खांद्याला लावून फाटकात उभे राहतात. मी विचारलं, कुठे निघालात? तर म्हणतात, गाडी येईल."

तिने ओठ दाबून धरले.

"माझ्या घरी कोण आलंय, ताई?"

व्हॅनताईने पोत्यावर बसून सगळं सांगितलं. मधे एकदाही 'प्रकाशाचा खेळ' म्हणाली नाही. वहिनी रडेल असं तिला वाटलं होतं. वहिनीने फक्त विचारलं, "टेम्पो कुठल्या बाजूला गेला?"

"पुलाकडे. पण तिकडे काही नाहीये, वहिनी. मी शंभरदा गेलेय."

"तुम्हाला ते आरशात दिसले ना? मग आरशातच शोधायचं. तुमच्या गाडीला आहेत की आरसे."

८

चार रविवार त्या दोघी जात होत्या. व्हॅनताई चालवायची. वहिनी शेजारी बसायची आणि डाव्या बाजूचा आरसा स्वतःकडे वळवून घ्यायची. शाळेच्या पुढे, पुलाच्या पुढे, जिथे परिषदेची हद्द आणि नवं डांबर दोन्ही संपतं तिथपर्यंत, आणि परत. पहिल्या तीन रविवारी धूळ दिसली. व्हॅनताईला वाटायला लागलं, आपण या बाईला उगाच आशेला लावलं.

चौथ्या रविवारी दुपारी चारला, परतताना, वहिनी हळूच म्हणाली, "सावकाश घ्या. मागे आहे."

व्हॅनताईने मधल्या आरशात पाहिलं. रस्ता रिकामा होता. तिने ब्रेककडे पाय नेला.

"थांबू नका! थांबलात तर तेही थांबतील. येऊ द्या त्यांना."

टक, टक, टक. आता तो आवाज गाडीच्या पत्र्यातून येत होता. व्हॅनताईने वीसवर गाडी धरली आणि समोर बघत राहिली.

"आहेत का साहेब?"

"मधे बसलेत. दोघांच्या मधे. किती वाळलेत हो!"

"बाकीचे दोघं कोण?"

"ते विचारू नका," वहिनी म्हणाली. तिची मान आरशावरून हलली नाही.

जुन्या वळणाच्या जागी मागून हॉर्नचा सपाटा सुरू झाला. दूधवाला होता. बाजूने पुढे जाताना तो ओरडला, "ताई, एवढा मोठा रस्ता केलाय आता, चालवा की जरा! मिरवणूक काढलीय का?" व्हॅनताईला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. दूधवाला त्यांच्या मागून, म्हणजे टेम्पोच्या आरपार आला होता, आणि त्याला काही कळलं नव्हतं.

साहेबांचं घर वस्तीच्या टोकाला होतं. तो फाटकात उभा होता. बूट, बॅग, नीट भांग. गाडी थांबताच तो पुढे आला. खिडकीपाशी वाकून त्याने हसून हात जोडले.

"आलात आपण. बरं झालं. माझीही गाडी आली वाटतं."

तो गाडीच्या कडेने मागे गेला. बुटांचा आवाज मागच्या चाकापर्यंत ऐकू आला. मग दार उघडल्याचा आवाज. कुणीतरी उतरलं, कुणीतरी चढलं. दार लागलं.

वहिनीने आरसा हाताने झाकून घेतला होता.

टक, टक थांबलं. रस्त्यावर एकदम शांतता झाली. मागून पावलं आली. जड, फरफटत, मधे एकदा अडखळलेली. पावलं वहिनीच्या खिडकीशी थांबली. कुणीतरी काचेवर बोटाच्या पेराने वाजवलं.

दोघींपैकी कुणी तिकडे पाहिलं नाही.

पुन्हा वाजलं. जरा जोरात.

वहिनीने डोळे मिटले आणि काच खाली केली.

"अगं ए," बाहेरून बसक्या, कावलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "किती हळू चालवते गं ही बाई!"